हॉस्टेल रिकामं होईल तेव्हा

भाचीबाई, चीनमधल्या थंडीच्या सुट्टीची तयारी दिवाळी उरकली की सुरू करायची. तू इथं शहापुरात बॅगा भरतेयस तेव्हाच हे सांगून ठेवतो. तिथं पोचल्यावर पहिले महिने नवलाईत जातील, मग परीक्षा येईल, आणि परीक्षा संपली की चार दिवसांत अख्खं हॉस्टेल मोकळं होईल. चिनी मुलं आपापल्या गावी जातील, आपल्याकडची बरीचशी मुलं मुंबई-दिल्लीचं विमान पकडतील. पहिल्याच वर्षी जाण्या-येण्याचं भाडं काढायचं नाही असं आपण घरात ठरवलंय, म्हणजे तू मागं राहणार. तुझ्या ताईनंही तिकडचे हिवाळे असेच काढले. तिला तिच्या आधीच्या मुलांनी चार गोष्टी सांगितल्या, तिनं मागून आलेल्यांना सांगितल्या, आणि तिच्याकडून त्या मी विचारून विचारून डोक्यात साठवल्या. त्यात माझं स्वतःचं म्हणणं एकच आहे : ती सुट्टी रजईत तोंड खुपसून, मोबाइल बघत काढायची नाही. त्या दिवसांत जे शिकशील ते वर्गात मिळणारं नाही.

आधी तारखा. बॅगेत एक कालनिर्णय टाक. चीनचं नववर्ष, चुनजिए, इंग्रजी तारखेनं दरवर्षी हलतं, पण चंद्राच्या हिशेबानं ते अमावास्येलाच येतं. २०२५ साली २९ जानेवारीला पौष अमावास्या होती, त्याच दिवशी त्यांचं वर्ष बदललं. २०२६ साली १७ फेब्रुवारीला माघ अमावास्या. आता २०२७ साली ६ फेब्रुवारी, पुन्हा पौष अमावास्या. म्हणजे या खेपेला आपली म्हसा यात्रा पौष पौर्णिमेला भरली की पुढच्या पंधरवड्यात तिथं नवं साल. आपल्यासारखा अधिक महिना त्यांनाही धरावा लागतो, म्हणून तारीख जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कुठंही पडते. नंतरच्या पौर्णिमेला कंदिलांचा सण झाला की सणाचे दिवस सरले. कॉलेजची सुट्टी साधारण चार ते सहा आठवड्यांची. पण खरे अवघड दिवस म्हणजे वर्षाच्या शेवटच्या दिवसापासून पुढचा आठवडा. त्याच दिवसांसाठी आधी तजवीज लागते.

त्या आठवड्यात कॅम्पसमधली मेस एखादीच चालू राहते, तीही अर्धा वेळ. कोपऱ्यावरचा भाजीवाला, नूडल्सचं दुकान, केस कापणारा, सगळे बाहेरगावाहून पोटासाठी आलेले असतात. ते कुलूप लावून घरी जातात. मोठी सुपरमार्केटं उघडी असतात, पण ऑनलाइन मागवलेली वस्तू वेळेत येईलच असं नाही, कारण ती आणून देणारा पोरगाही गावाला गेलेला असतो. तेव्हा अमावास्येच्या दहा दिवस आधी तांदूळ, डाळ, तेल, अंडी, कांदे-बटाटे, कोबी, मुळे भरून ठेव. कोबी नि मुळा तिथं हिवाळ्यात मुबलक आणि स्वस्त. रस्त्यावर भाजलेली रताळी मिळतात, चेस्टनटही मिळतात. तिकडचा तांदूळ आखूड दाण्याचा, चिकट. कोलमच्या मापानं पाणी घालशील तर लगदा होईल, पाणी कमीच ठेव. बऱ्याच हॉस्टेलांत विजेचे पैसे मोबाइलसारखे आधी भरायचे असतात; ते सुट्टी लागण्याआधी भर. ऐन सणात वीज संपली आणि कार्यालय बंद, ही पाळी तुझ्या ताईच्या शेजारच्या खोलीवर आली होती. दोन रात्री पोरी कुडकुडत बसल्या.

घरून काय न्यायचं याची यादी तुझ्या आईनं मुरबाडहून पाठवलीय, ती बघून मला दोन ओळी खोडाव्या लागल्या. मांसाचे पदार्थ, दुधाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या आणि बियाणं चीनच्या कस्टममधून आत नेता येत नाही. म्हणून तूप, खवा, पेढे यांना फाटा. अख्खे वालही नकोत. आपल्याला ते उसळीचे दिसतात, तपासणाऱ्याला ते पेरता येईल असं बी दिसतं. दळलेलं आणि भाजलेलं ने : नागलीचं पीठ, तांदळाचं पीठ, भाजणी, मेतकूट, घरचा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कोकम. सगळं बंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून. प्रेशर कुकर लहान ने, पण खोलीत शेगडी, कॉइल, इलेक्ट्रिक ब्लँकेट लावायची बहुतेक हॉस्टेलांत बंदी असते. आधी नियम वाच आणि सामाईक स्वयंपाकघरातच शिजव. अधूनमधून खोल्या तपासतात आणि वस्तू उचलून नेतात. आगीच्या भीतीनं करतात ते, त्यात त्यांचं चुकत नाही.

बाहेर खाताना एक ध्यानात ठेव. नुसतं ‘रौ’ लिहिलेलं किंवा म्हटलेलं असेल तर ते डुकराचं. ‘न्यू रौ’ म्हणजे गाई-बैलाचं, ‘जी रौ’ म्हणजे कोंबडीचं, ‘जी दान’ म्हणजे अंडं. मांस नको असेल तर ‘बू याओ रौ’. हे चार शब्द पाठ असले की उपाशी राहायची वेळ येत नाही. पिण्यासाठी मात्र तिकडं जागोजागी उकळतं पाणी असतं, हॉस्टेलच्या मजल्यावर, स्टेशनवर, अगदी आगगाडीच्या डब्यातही. थर्मास घेऊन फिरायची सवय लावून घे.

आता थंडी. याबाबतीत आपल्याकडचे लोक हमखास उलटं समजतात. उत्तरेला जाणाऱ्या मुलीची सगळे काळजी करतात आणि यांगत्सेकाठी जाणाऱ्या तुझी कुणी करत नाही. चीनमध्ये छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीची एक रेघ धरलेली आहे. त्या रेघेच्या उत्तरेला शहरभर नळातून गरम पाणी फिरवून घरं तापवतात. पेइचिंगला १५ नोव्हेंबर ते १५ मार्च, आणि हार्बिनसारख्या ठिकाणी ऑक्टोबरपासूनच. तिथं बाहेर उणे वीस असलं तरी खोलीत अंगात एक सदरा पुरतो. रेघेच्या दक्षिणेला ही सोय नाही. वूहानच्या बाजूला जानेवारीत पारा शून्याच्या थोडा वर असतो, पण हवा ओलसर, भिंती गार, गादी गार, आणि खोलीत-बाहेर थंडी सारखीच. माळशेजच्या घाटात पहाटे धुक्यात थांबल्यावर हाडात शिरतो तो गारठा चोवीस तास धरून चाल, म्हणजे अंदाज येईल.

म्हणून त्या भागात अंगावरचे कपडे महत्त्वाचे. आतून सुती घालू नकोस. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तो गार झाला की थंडी आतूनच वाजते. आतला थर थर्मलचा, वर लोकरी, त्यावर वारा अडवणारं जाकीट. म्हशाच्या बाजारातलं घोंगडं आपल्याला प्रिय आहे, पण ते बॅगेत अर्धी जागा खाईल, राहू दे. प्रवासात पुरेल एवढं गरम इथून ने, जाड जाकीट, रजई आणि तळाला पकड असलेले बूट तिथंच घे. थंडीचा माल तिथं चांगला मिळतो आणि महाग नसतो. खोबरेल तेल थिजून दगड होईल, तिळाचं ने. एसीवर गरम हवा सोडलीस तर टाच आणि ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. खोलीत उघड्या भांड्यात पाणी ठेव. आणि काहीही झालं तरी बंद खोलीत कोळसा, लाकूड, निखारा पेटवायचा नाही. आपल्या झापात धूर कुडातून निघून जातो. तिथल्या सिमेंटच्या खोलीतून तो निघत नाही, झोपेत माणूस जातो. तू तर डॉक्टरकी शिकणार आहेस, कार्बन मोनॉक्साइड काय करतो ते पहिल्याच वर्षी वाचशील.

हार्बिनचा बर्फाचा महोत्सव बघायला जायचं असं तू परवा म्हणालीस. जा. ५ जानेवारीच्या सुमारास तो सुरू होतो, बर्फाचे वाडेच्या वाडे उभारतात. पण अमावास्येच्या आधी पंधरा दिवस नि नंतर पंचवीस दिवस, एकूण चाळीस दिवस चीनमध्ये जो प्रवासाचा लोंढा असतो, चुन्युन म्हणतात त्याला, त्यात एकटीनं अडकू नकोस. दिवाळीत कसारा लोकलला आसनगावला उतरायला जी कसरत होते ती तिथं अख्ख्या देशात एकदम चालते. रेल्वेची तिकिटं साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात आणि लांब पल्ल्याची काही मिनिटांत संपतात. तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं, डब्यात चढताना पासपोर्टच दाखवायचा. लोंढा सुरू व्हायच्या आधीच जाऊन ये. ऐन थंडीत मोबाइलची बॅटरी पाच मिनिटांत मान टाकते, तेव्हा फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेव आणि हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत कागदावर लिहून घे.

कागदपत्रांचं मी जरा कडक सांगतो. हॉटेलात उतरलीस तर तुझी नोंद हॉटेलवाले करतात. पण मैत्रिणीच्या घरी किंवा दुसऱ्या कॉलेजच्या हॉस्टेलला राहिलीस तर चोवीस तासांच्या आत तिथल्या पोलीस चौकीत तू स्वतः नोंद करायची. २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यात तसं लिहिलंय. एका रात्रीसाठी कशाला, असं म्हणणाऱ्या मुली भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. शहर सोडण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात फॉर्म भर. राहण्याचा परवाना कधी संपतो ते नोव्हेंबरातच बघ, कारण नूतनीकरणाला पासपोर्ट काही दिवस कार्यालयात अडकतो आणि सणात तेही बंद. पासपोर्ट, परवाना, प्रवेशपत्र, दहावी-बारावी आणि नीटच्या गुणपत्रिका यांच्या प्रती एक संच तुझ्याकडे, एक माझ्याकडे, एक ईमेलमध्ये.

ह्या कागदांवरून २०२० सालचं सांगितलंच पाहिजे. त्या वर्षी चुनजिए २५ जानेवारीला होतं, आणि २३ तारखेला वूहान शहर बंद केलं. जी मुलं सुट्टीला हॉस्टेलमध्येच राहिली होती त्यांना एअर इंडियाच्या दोन विमानांनी १ आणि २ फेब्रुवारीला आणलं, ६४७ भारतीय होते त्यांत. तुझी ताई त्याच्या थोडी आधी, साधी सुट्टी म्हणून घरी आली होती. हातात एक छोटी बॅग. पुस्तकं, वह्या, स्टेथोस्कोप, सगळं हॉस्टेलच्या कपाटात. महिनाभरात परत जायचं होतं. चीननं भारतीय विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा द्यायला सुरुवात केली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. तोवर वर्ग ऑनलाइन. तिथल्या सकाळी आठचा वर्ग म्हणजे आपल्याकडं पहाटेचे साडेपाच. ती अंधारात घोंगडं पांघरून गच्चीवर जायची, कारण खाली रेंज नव्हती, आणि फोनच्या वीतभर पडद्यावर शवविच्छेदन बघायची. पुढं ऑनलाइन शिकलेल्या अनेकांना इथली इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची करावी लागली. त्या पोरांच्या आयुष्यातली ती वर्षं कुणी परत देणार नाही, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून पुढं जेव्हा केव्हा सुट्टीला घरी येशील तेव्हा मूळ कागद, लॅपटॉप, चालू वर्षाच्या वह्या बरोबर आणायच्या. आणि तिथं राहशील तेव्हा आठवडाभराचं कोरडं अन्न, तापाच्या गोळ्या, ओआरएस, थर्मामीटर खोलीत असलं पाहिजे. दवाखाना लागला तर मोठ्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग सणातही चालू असतो, बाहेरचे छोटे दवाखाने धरू नकोस. १२० रुग्णवाहिका, ११० पोलीस, ११९ आग. पेइचिंगचा भारतीय दूतावास, शांघाय आणि ग्वांगझौचे वाणिज्य दूतावास, तिघांचे नंबर फोनमध्ये नको, वहीत लिही.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. हॉस्टेलच्या दाराशी एक बाई बसलेली असते, चाव्या तिच्याकडं, रजिस्टर तिच्याकडं. मुलं तिला ‘आयी’ म्हणतात, आपण मावशी म्हणावं तसं. सुट्टीत ती आणि तुम्ही चार पोरी, एवढंच त्या इमारतीत उरतं. रोज जाता-येता तिच्याशी पाच मिनिटं बोल. मोडकंतोडकं बोल, हातवारे कर, काही बिघडत नाही. गरम पाणी किती वाजता येतं, कुठली मेस उघडी, पाइप गोठला तर कुणाला सांगायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तुझ्या ताईला आकडे, भाज्यांची नावं, आणि दुखणं सांगायची भाषा कॉलेजच्या तासापेक्षा ह्या बाईनं जास्त शिकवली. ‘कुठं दुखतं’, ‘कधीपासून’, ‘जेवण जातंय का’ हे तिनं स्वतःचा गुडघा दाखवून दाखवून पाठ करून घेतलं. पुढं वॉर्डात गेल्यावर तेच कामाला आलं. पुस्तकं इंग्रजीत असली तरी खाटेवरचा म्हातारा इंग्रजी बोलत नाही. त्याला विचारता आलं नाही तर तू नुसती भिंतीला टेकून उभी राहशील. थंडीच्या सुट्टीत रोज दोन तास चिनी, हे मी तुझ्याकडून कबूल करून घेणार आहे.

परदेशी शिकलेल्या डॉक्टरांसाठीचे २०२१ चे नियमही ध्यानात ठेव : चोपन्न महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप. आणि परत आल्यावर तीनशे गुणांची परीक्षा, त्यात दीडशे हवेत. त्या परीक्षेत नापास होणारे खूप आहेत. पण त्याची घाई पहिल्या हिवाळ्यात नको. शरीररचनेची उजळणी कर, बाकी वेळ भाषेला दे.

सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं नाव तू शाळेत ऐकलंयस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून चीनला गेलं, त्यात ते होते आणि नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. कोटणीस तिथं राहिले, चिनी बोलायला-वाचायला शिकले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ग्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला. तिथली जुनी माणसं त्यांना के दिहुआ ह्या चिनी नावानं ओळखतात. कुणा वयस्क माणसाशी ओळख झाली तर सांग की मी त्यांच्याच महाराष्ट्रातली, वैद्यकी शिकायला आलेय. तुझ्या ताईला ह्या एका वाक्यावर एका निवृत्त शिक्षकांच्या घरी वर्षाच्या शेवटच्या रात्रीचं जेवण मिळालं.

असं कुणी बोलावलं तर जा. मैत्रीण बरोबर घे, पत्ता वॉर्डनला आणि मला कळव, आणि जा. संकोच करून खोलीत बसू नकोस. जाताना फळांची पेटी ने, दोन्ही हातांनी दे. घड्याळ भेट देऊ नये, अशुभ मानतात; चारच्या संख्येतही काही देऊ नये. चपला दारात. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, ते मेलेल्या माणसासाठी करतात. म्हाताऱ्यांनी लाल पाकीट दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं, त्यांच्यासमोर फोडायचं नाही. त्या रात्री सगळं घर बसून पिठाच्या पाऱ्या लाटतं, सारण भरतं, ज्याओझ करतं. तू सरळ बाह्या सारून बस. मुरड घालता येते तुला, आजीनं शिकवलंय, ती मुरड बघून त्या घरातल्या बायका खूश होतील. सारणात काय आहे ते आधी विचार. दारू पुढं केली तर चहाचा पेला उचल, कुणी रागावत नाही. आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडू हातात घेऊ नकोस, लक्ष्मी बाहेर जाते असं तेही मानतात. मदत करायची म्हणून उठशील आणि घराला वाईट वाटेल.

घरचं कर्ज डोक्यात असलं की सुट्टीत चार पैसे मिळवावेत असं वाटतं. इंग्रजी शिकवशील का, दुकानाच्या उद्घाटनाला उभी राहशील का, अशी विचारणा होते. परवानगीशिवाय विद्यार्थ्यानं काम करणं गुन्हा आहे. दंड पाच ते वीस हजार युआन, आणि प्रकरण वाढलं तर कोठडी. बँकेचा हप्ता आम्ही बघू, तो तुझ्या वाटणीचा नाही.

राहिला फोन. व्हॉट्सॲप आणि गूगल तिकडं सरळ चालत नाहीत, आणि तिकडचं वुईचॅट जून २०२० पासून आपल्याकडं बंद आहे. तेव्हा इथलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगसह चालू ठेव, बँकेचा ओटीपी त्यावरच येईल आणि रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सॲपही चालतं. महाग पडतं म्हणून रोज नको. रविवारी तिथल्या रात्री नऊला कर, इथं साडेसहा वाजलेले असतात, तुझी आई गोठ्यातलं उरकून घरात आलेली असते. एखाद्या रविवारी जमणार नसेल तर आदल्या दिवशी दोन शब्दांचा मेसेज टाक, नाहीतर ती रात्रभर ओट्यावर बसते. आणि डिसेंबरात कॉलेजनं सुट्टीचं पत्रक लावलं की त्याचा फोटो मला ईमेल कर. तारखा कळल्या की हार्बिनचं जाणं-येणं कधी बसतं ते आपण दोघं मिळून ठरवू.